अर्ध्या शहाण्याची पूर्ण कबुली

पेशवाईतल्या सर्वांत मुरब्बी कारभाऱ्याने स्वतःविषयी लिहिलेली पाने हाती आली, म्हणजे आपण साहजिकच दिवाणखान्याच्या दारातून आत शिरायच्या तयारीत असतो. मसनदीला टेकलेली माणसे दिसतील, पडद्याआडची कुजबुज कानी येईल, कोणाचा काटा कोणी कसा काढला ते कळेल, अशी उत्सुकता घेऊन नाना फडणविसांचे आत्मचरित्र उघडावे, आणि पहिल्या काही ओळींतच आपण एका अंधाऱ्या गर्भाशयात येऊन पोचतो. परमात्मा, त्याची माया, पंचमहाभूते, त्यांतून घडलेला देह आणि त्या देहात अडकलेला जीव, असा वेदान्ताचा जिना उतरत उतरत नाना स्वतःच्या जन्मापाशी येतात. गर्भवासात जीव कळवळून देवाला शब्द देतो, आणि बाहेरचा वारा लागताच तो शब्द विसरतो. ही कल्पना काही नानांची नव्हे. कीर्तनात, पुराणात, संतांच्या वाणीत ती आपण कितीदा तरी ऐकलेली आहे. पण फडणिशी ज्याच्या घरात पिढीजात, त्या माणसाच्या लेखणीतून ती उतरते तेव्हा तिच्यात दफ्तराचा एक सूक्ष्म गंध मिसळतो. शब्द दिला, शब्द मोडला, बाकी थकली. जन्माच्या पहिल्या क्षणालाच हा हिशेबनीस स्वतःच्या नावे एक देणे मांडून ठेवतो, आणि पुढचे सगळे लेखन त्या देण्याला साक्ष ठेवून करीत जातो.

नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. घराणे मूळचे कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ साली तिथल्या दंग्यात पेशव्यांचा जीव वाचवताना कामास आले, असे घराण्याचे स्मरण सांगते. त्या रक्ताने भानू आणि भट ही दोन घरे बांधली गेली. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. वडील जनार्दनपंत वारले तेव्हा पोराला अजून मिसरूडही फुटलेले नव्हते, आणि त्या वयात घरची फडणिशी अंगावर आली. फडणीस म्हणजे कोण, हे आज आडनावापुरते उरले आहे. त्या काळी सरदाराच्या सरंजामापासून पागेतल्या चंदीपर्यंत राज्याचा कुठलाही पैसा त्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज जमेला वा खर्चाला पडत नसे. ज्याला राज्याची सारी गुपिते आकड्यांच्या रूपाने ठाऊक, असा आतल्या गोटातला माणूस जगात फार थोड्या वेळा आत्मचरित्र लिहायला बसतो. आणि बसला तर काय लिहितो? इथे तर आयुष्यातली पहिली वीसेक वर्षेच येतात. सगळा मजकूर एका बैठकीत वाचून संपतो. पेशवाई बुडाल्यावर दहा-बारा वर्षांतच जॉन ब्रिग्जने त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या कामकाजात छापवून आणले. तिथल्या वाचकांना त्यात मराठी राज्याची किल्ली सापडेल असे वाटले असेल. सापडला तो एक घाबरलेला, हळवा, स्वतःवर नाराज असलेला तरुण.

बालपण नाना भराभर उरकतात. त्यात एक तपशील मात्र असा ठेवून देतात की आपण तिथेच रेंगाळतो. या मुलाला खेळणी नकोत. त्याला देव हवेत. घरच्या देवघरातल्या मूर्ती गुपचूप उचलून न्यायच्या आणि एकीकडे बसून त्यांची पूजा मांडायची, हा त्याचा खेळ. चोरी आणि भक्ती एकाच हाताने चालली आहे, आणि त्या हाताला त्यात काही विसंगत वाटत नाही. पुढे याच हाताने पुण्यात बेलबाग उभी केली, वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी वाडा आणि देखणा घाट बांधला. त्या घाटावरच्या देवळापाशी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीजांच्या चर्चची, मेरी आणि बाळ येशू अंगावर मिरवणारी. दुसऱ्याच्या देवघरातून उचलून आपल्या पूजेत मांडलेली वस्तू! मेणवलीला गेलेल्या आपल्यातल्या पुष्कळांनी त्या घंटेसमोर फोटो काढलेले आहेत. पण आत्मचरित्रातला तो मूर्ती पळवणारा मुलगा ठाऊक असला, म्हणजे त्या घंटेकडे पाहताना ओठांच्या कोपऱ्यात एक हसू उमटल्यावाचून राहत नाही.

मग येतो तो भाग, ज्याने हे छोटे चोपडे मराठी गद्यात एकटे पाडले. तारुण्याच्या उंबरठ्यावर आपल्या मनाने काय काय खेळ केले, वासनेने कसे खेचले, घरी पत्नी असतानाही चित्त भलतीकडे कसे धावले, संगतीचा परिणाम कसा झाला आणि मागाहून पश्चात्तापाने कसे जाळले, हे नाना लिहितात. तपशिलाचा चविष्टपणा त्यात कुठेही नाही. ज्या काळात आपल्याकडे बखरी लिहिल्या जात होत्या, म्हणजे धन्याचे गुण आणि शत्रूचे अवगुण हाच गद्याचा मुख्य व्यवसाय होता, त्या काळात एक कुलीन ब्राह्मण, पेशव्यांच्या पंक्तीला बसणारा, देवधर्मात बुडालेला, स्वतःच्या देहाची लाज कागदावर मांडतो आहे. मोडीत लिहिणारा बोरू सहसा उचलला जात नाही. तो वाहत जातो. या ओळी लिहिताना मात्र तो क्षणभर थबकला असेल का, असे आपल्याला वाटत राहते. थबकला असला तरी खोडून टाकले नाही, हे खरे.

आपल्या पिढीला नाना भेटला तो आधी रंगमंचावर. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले. मोहन आगाशे यांचा तो ठुमकत येणारा, लंपट, डोळे मिचकावणारा नाना ज्यांनी पाहिला त्यांच्या मनातून तो पुसला जाणे कठीण. नाटकावर वादळ उठले, नानांची बदनामी झाली म्हणून लोक चिडले, एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले आणि पुढे थिएटर ॲकॅडमीने त्याला जगभर नेले. तेंडुलकरांनी आपण इतिहास लिहीत नसल्याचे बजावले होतेच. आत्मचरित्राची ही पाने त्या नाटकानंतर वाचली की एक मौज ध्यानात येते: नाटककाराने नानावर जो आरोप ठेवला, त्याची कबुली नानांनी दोनशे वर्षे आधी स्वतःच देऊन टाकली होती. फरक इतकाच की नाटकातल्या नानाला वासना शोभून दिसते, आणि आत्मचरित्रातल्या नानांना ती झोपू देत नाही. बचाव करणाऱ्यांनी आणि चिडवणाऱ्यांनी, दोघांनीही हा दस्तऐवज जरा लक्षपूर्वक वाचला असता तर वादाचा आवाज पुष्कळ खाली आला असता, असे मला नेहमी वाटते.

राजकारण्यांच्या कबुल्या आपण आता खूप वाचल्या आहेत. अमेरिकेत निक्सनचा कायदेशीर सल्लागार जॉन डीन याने वॉटरगेटमधला स्वतःचा वाटा सांगणारे ‘ब्लाइंड ॲम्बिशन’ १९७६ साली प्रसिद्ध केले. महत्त्वाकांक्षेच्या पायऱ्या चढता चढता माणूस गुन्ह्याच्या तळघरात कसा उतरतो याचे ते अस्सल चित्रण आहे, पण त्या पुस्तकाच्या पानापानावर एक अदृश्य ज्यूरी बसलेली आहे. डीनने आधी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, मग गुन्हा कबूल केला, मग काही महिने कैद भोगली, आणि मग पुस्तक लिहिले. कबुली ही तिथे सुटकेच्या व्यवहाराचा भाग आहे. आपल्याकडच्या अलीकडच्या पुढाऱ्यांची आत्मवृत्ते त्याहून सावध: आरोपांच्या प्रकरणाला एक प्रकरण द्यायचे, आपली बाजू मांडायची, आणि पुढे निघायचे. नानांसमोर तसे कोणीच नव्हते. छापखाना नव्हता, मतदार नव्हते, चौकशी आयोग नव्हता. गर्भातल्या त्या वचनाचा धनी तेवढा समोर होता, आणि त्याला फसवण्यात अर्थ नव्हता. म्हणून या कबुलीत जी निर्व्याज थरथर आहे ती वकिली हाताला साधत नाही.

१७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर नाना उत्तरेला निघाले. लढाईसाठी नव्हे, आईला तीर्थयात्रा घडवावी म्हणून. एवढी मोठी मोहीम, तिच्या पाठीशी बायकामुले, यात्रेकरू, बुणगे, आणि त्यांत अठरा वर्षांचा हा फडणीस, आईचा मेणा सांभाळत, मथुरा-वृंदावनाच्या दर्शनाने गहिवरत. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक आहे आणि या मुलाला ठाऊक नाही. वाचताना ती जाणीव प्रत्येक तीर्थाच्या नावावर सावली धरून बसते. युद्धाच्या इतिहासात सेनापतीच्या छावणीचे नकाशे असतात. ज्या आयांच्या इच्छेखातर पोरे फौजेबरोबर चालली, त्या आयांना मात्र तिथे जागा नसते. नानांच्या पानांत त्यांना आहे.

भाऊसाहेब म्हणजे चिमाजी अप्पांचे सदाशिवराव. इथे आपण, भाईंदर पश्चिमेचे लोक, थोडे आपल्या अंगणात येतो. स्टेशनबाहेरून उत्तनची बस धरावी, मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकीत चौक गावापर्यंत जावे, आणि टेकाडावरच्या धारावी किल्ल्याच्या उरल्यासुरल्या दगडांपाशी उभे राहून समोर पाहावे: खाडीचे तोंड, आणि पलीकडे वसई. १७३७ पासून १७३९ पर्यंत या टेकाडासाठी पोर्तुगीज आणि मराठे पुनःपुन्हा झुंजले, कारण हे हाती आल्याखेरीज वसईची समुद्राची वाट बंद होत नव्हती. वसई पडली तेव्हा सदाशिव आठ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी अप्पा गेले. बापाने वेढा कसा घालावा, चिकाटीने कसे बसून राहावे, याचा धडा या खाडीवर घालून दिला, आणि बावीस वर्षांनी मुलगा पानिपतावर स्वतःच वेढ्यात सापडला. आत्मचरित्रात वसईचा उल्लेख शोधू नये, तो मिळणार नाही. पण चौकच्या टेकाडावर उभे राहून ती पाने आठवली, तर भाऊंच्या हट्टामागे कोणाचे यश उभे होते ते कळायला इतिहासकार लागत नाही.

छावणीतल्या मसलतींविषयी नाना जे लिहितात ते मोजके आहे, आणि मोजकेपणातच त्याची धार आहे. मल्हारराव होळकर, सूरजमल जाट अशी या मुलखात केस पिकवलेली माणसे एक सांगत होती. भाऊसाहेबांच्या कानाशी असलेली नवी माणसे दुसरे सांगत होती. आणि जुन्यांचा सल्ला मागे पडला. राज्याच्या सर्वांत मोठ्या अनर्थाची कारणमीमांसा इथे एका कारकुनाच्या टिपणीएवढी होते. धन्याची निंदा नाही, शत्रूची शिवीगाळ नाही, नियतीवर लोटलेले काही नाही. निर्णय कुठे चुकला त्या जागेवर बोट ठेवून नाना पुढे सरकतात. आतल्या माणसाची साक्ष अशी असते: आवाज न चढवता, नावे न लपवता. ज्यांना सत्तेच्या आतल्या बाजूचे मराठी वर्णन कसे असावे याचा नमुना हवा असेल त्यांनी हाच भाग दोनदा वाचावा.

१४ जानेवारी १७६१, बुधवार. उपासमारीने कासावीस झालेली फौज बाहेर पडली. नाना भाऊंच्या जवळपास, जरीपटक्याच्या आसऱ्याने होते. विश्वासराव पडले, आणि नंतरच्या गर्दीत भाऊसाहेब दिसेनासे झाले. आपण या ठिकाणी थांबून पाहिले पाहिजे. इतक्या जवळ असलेला माणूस भाऊंचा शेवट पाहिल्याचे सांगत नाही. सहज रचता आले असते: भाऊ धारातीर्थी पडले, मी डोळ्यांनी पाहिले, माझ्याकडे पाहून अमुक म्हणाले. बखरकारांनी असे प्रसंग सोडले नसते. नाना आपल्या नजरेच्या टोकापाशी थांबतात आणि तिथून पुढे काळोख आहे असे मान्य करतात.

या प्रामाणिक काळोखातूनच पुढे पुण्यातले एक विलक्षण प्रकरण जन्माला आले. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच सदाशिवराव’ म्हणत उभा राहिला. थोरल्या माधवरावांनी त्याला कैदेत टाकले, पण ते गेल्यावर तो सुटला, कोकणातले किल्ले घेत बोरघाटाच्या तोंडापर्यंत आला, लोक त्याच्या पायावर लोटांगणे घालू लागले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर कुंकू पुसलेलेच नव्हते. अखेर तोतया आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात त्याची ओळख-परीक्षा झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहदंड मिळाला. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिले. शिक्षा देणाऱ्या कारभारात त्या वेळी नाना आणि सखारामबापू हे प्रमुख होते. भाऊ दिसेनासे झाले एवढेच ज्याला ठाऊक, त्याच्यावर ‘हा भाऊ नव्हे’ असे ठरवण्याची वेळ आली! पंधरा वर्षांनी नानांना पानिपतावरची ती संध्याकाळ कशी आठवली असेल, याचा एक शब्द त्यांनी लिहिलेला नाही. आपण मात्र आत्मचरित्रातली ती जागा आता पूर्वीसारखी वाचू शकत नाही.

लढाईनंतरची पाने हा या लेखनाचा गाभा. अंगावरची वस्त्रे उतरवून, लंगोटीवर, नाना रात्रीतून पश्चिमेकडे निघाले. बरोबर दोघे-तिघे. वाटेत पाठलागाचे स्वार येतात. सोबत्यांवर वार होतात. नाना उंच गवतात दडून राहतात. घोड्यांच्या टापा दूर गेल्या की बाहेर येतात, चालू लागतात, आणि पुन्हा तेच घडते. दोन्ही वेळा जखमी होतात ते सोबती, वाचतात ते नाना. यात एखादे शौर्याचे वाक्य घुसवणे किती सोपे होते! मी वळलो, मी तलवार शोधली, मी जखमीला पाणी पाजले. काहीच नाही. गवत, भीती, भूक, झाडाचा पाला, पुढचे पाऊल. वाक्येही आखूड होत जातात. वेदान्ताची ती लांबरुंद पल्लेदार सुरुवात इथे आठवतसुद्धा नाही. पुढे एक बैरागी भेटतो आणि खायला देतो. रेवाडीला एका घरी आसरा मिळतो. पुढच्या आयुष्यात या माणसाच्या मुदपाकखान्यात काय काय शिजले असेल; पण कागदावर नोंद आहे ती त्या बैराग्याच्या अन्नाची.

पेशवाईतले साडेतीन शहाणे आपण लहानपणापासून घोकत आलो: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना अर्धे. अर्धे का, तर बुद्धी होती पण तलवार नव्हती. हा शेरा लोकांनी मारला म्हणून आपण तो चटकन पटवून घेतो. पण त्याचा पहिला पुरावा खुद्द नानांनी पुरवला आहे, गवतात दडलेल्या त्या मुलाच्या रूपाने. ज्या समाजात घोड्यावर बसणे हीच पुरुषाची ओळख, तिथे आपण पळालो, लपलो, घाबरलो असे लिहून ठेवायला जे धैर्य लागते, त्याला अर्धे म्हणायचे की पूर्ण, ते आपण प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावे. माझे मत शीर्षकातच आहे.

पत्नी वाचली, हे नानांना डीगला कळले. आई वाचली नाही. यात्रेसाठी जिला आणले ती गर्दीत हरवली आणि तिच्या मृत्यूची वार्ता मागाहून हाती आली. हा घाव नाना फार कमी शब्दांत सांगतात, पण विरक्तीची जी लाट त्यांना येते, काशीला निघून जावे, संसार टाकावा असे जे वाटते, ती या मृत्यूच्या पोटातून येते, हे आपल्याला जाणवते. आईच्या पुण्यासाठी निघालेल्या प्रवासात आईच गेली. गर्भातल्या वचनापासून सुरू झालेला हिशेब इथे अशा जागी येऊन अडतो की तो कुठल्याच फडणिसाला जुळवता येऊ नये. नाना काशीला गेले नाहीत. बुऱ्हाणपुराकडे वळले, खचलेल्या नानासाहेब पेशव्यांना भेटले. जूनमध्ये पर्वतीवर पेशवे वारले, थोरले माधवराव गादीवर आले. आणि या नव्या कारकिर्दीच्या आरंभापाशीच आत्मचरित्र थांबते.

थांबते ते नेमके सत्तेच्या दाराशी. पुढे जे घडले ते सगळे आपल्याला हवे होते. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांना मारले, रामशास्त्र्यांनी राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि नानांनी बारभाईंच्या बळावर राघोबांच्या हातून राज्य काढून पाळण्यातल्या सवाई माधवरावांच्या नावाने ते चालवले. हे प्रकरण पुण्यात राहिले नाही. ते आपल्या दारापर्यंत आले. राघोबा इंग्रजांकडे धावले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबांनी वसई आणि साष्टी देऊन टाकली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. साष्टी बेटाचे उत्तर टोक म्हणजे आपले भाईंदर. कित्येक वर्षे आपल्या खाडीच्या अलीकडे कंपनी सरकार आणि पलीकडे पेशवे, अशी सरहद्द होती. आज लोकल पुलावरून जी खाडी आपण मोबाइलमधून मान वर न करता ओलांडतो, ती एका खुनाने आखलेली सीमा होती. सालबाईच्या तहाला मान्यता देताना नानांनी महिने महिने ताणून धरले. चिमाजी अप्पांनी जिंकलेला तुकडा, त्यांच्या मुलाला पानिपतावर दिसेनासे होताना पाहिलेल्या माणसाने कागदावर सोडून दिला. त्या वेळी मनात काय आले, हे सांगणारे पान नाही.

घाशीरामाचेही पान नाही. १७९१ च्या ऑगस्टात कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले वीस-एकवीस तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, जमाव नानांच्या वाड्यावर चालून आला, आणि ज्याच्यावर चौदा वर्षे शहर सोपवले होते त्या घाशीरामाला नानांनी जमावाच्या हाती दिले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. हाताखालच्या माणसाच्या अत्याचाराची जबाबदारी वरच्याने कुठवर घ्यायची, हा प्रश्न आजही प्रत्येक सरकारच्या दाराशी उभा असतो. नानांचे उत्तर आपल्याला त्यांच्या कृतीतून वाचावे लागते, अक्षरातून नाही. चुलतभाऊ मोरोबांची कैद, सवाई माधवरावांचा १७९५ मधला मृत्यू, दौलतराव शिंद्यांनी नानांनाच टाकलेली बेडी, यांविषयी त्यांच्या हातची पत्रे आहेत, याद्या आहेत, मेणवलीचे दफ्तरच्या दफ्तर आहे. आत्मकथन नाही.

काही अभ्यासू वाचक हे आत्मचरित्र अपुरे म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. पूर्ण सत्तेत असताना माणूस जे लिहितो त्यात सत्तेचीच भाषा उतरते. नानांची नंतरची पत्रे वाचा, त्यांत एकही सैल शब्द सापडणार नाही, आणि एकही उघडा माणूसही सापडणार नाही. ज्याला पुढे अवघे राज्य घाबरले, तो स्वतः कशाकशाला घाबरला होता ते फक्त इथे आहे. घाशीरामाला सोडून देणारा हात आणि सोबत्यांवर वार होत असताना गवत घट्ट धरून राहिलेला हात एकच होता, हे कळल्यावर आपण त्याला माफ करतो असे नाही. पण त्याला बाहुले म्हणून नाचवणे मात्र अवघड होऊन बसते.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ किंवा पेशवाईवरची आणखी एखादी कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात असेलच. पुढच्या वेळी ती काढाल तेव्हा आधी ही थोडी पाने कुठून तरी मिळवा आणि वाचा. जुन्या भाषेला बिचकू नका, दुसऱ्या पानापासून ती आपोआप सुटत जाते. मराठीत राजकारणी माणसांची आत्मचरित्रे पुष्कळ झाली, त्यांतली काही जाडजूड, काही कर्तबगार, काही निव्वळ खुलासेवजा. त्या साऱ्यांच्या रांगेत मी हे अर्ध्यावर थांबलेले चोपडे पहिले ठेवतो.